सहा बाराची रेघ

विश्वात माणूस एकटा नाही, हे मी अकरा वर्षांच्या शास्त्रीय निरीक्षणानंतर जाहीर करतो. नागपूरच्या प्रताप नगरात तर तो मुळीच एकटा नाही. माझ्या कंपाउंडला लागून देवराव राहतो.

अकरा वर्षं माझ्या गच्चीवर टीव्हीची जुनी छत्री आकाशाकडे तोंड करून बसली आहे. तिची वायर खाली लॅपटॉपला. परग्रहावरून कोणी हाक मारली तर पडद्यावर रेघ उमटावी, एवढीच अपेक्षा. रेघा पुष्कळ उमटल्या. एक मोबाइल टॉवरची निघाली, एक उपग्रहाची, एक समोरच्या घरातल्या बल्बची. या कामात ऐकू येणं सोपं. जे ऐकू आलं ते पृथ्वीवरचंच नाही ना, हे ठरवणं अवघड. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे ‘आपलंच’ असं लिहिलं आहे.

देवराव शहराबाहेरच्या वाडी गावातल्या ट्रान्सपोर्ट गोदामातून रिटायर झाला आणि होळीला त्यानं माझी पाहून तशीच छत्री आणली. मीच शिकवलं. शेजाऱ्याला शिकवताना माणूस उदार असतो, कारण त्याला जमणार नाही याची खात्री असते.

एप्रिलमध्ये एका सकाळी तो कागद घेऊन आला.

“भाऊ, रेघ येऊन राहिली. नऊ दिवस झाले.”

“बल्ब असंल.”

“छत्री दुसरीकडे वळवली का जाते. पूर्वेकडे केली का येते.”

“किती वाजता?”

“रोज चार मिनिटं आधी. आज सहा सोळाले आली.”

मी चहाचा कप खाली ठेवला. माणसाची वस्तू घड्याळ पाळते. भोंगा रोज त्याच वेळेला वाजतो. तारे मात्र रोज चार मिनिटं आधी उगवतात. चार मिनिटं आधी येईल ते आकाशातलं, हे त्याला मीच सांगितलं होतं. फुकट.

“रेघ जाड आहे गा,” मी म्हणालो. “खरी रेघ बारीक असते.”

“तिथले लोक खात्यापित्या घरचे असतील.”

आमच्या हौशी आकाशनिरीक्षकांच्या मंडळाचा नियम असा, की दुसऱ्या निरीक्षकाची सही असल्याशिवाय कागद पुढे जात नाही. नागपुरात दुसरा निरीक्षक मीच. दिवसभर माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: पृथ्वीला पहिला निरोप यावा आणि तो देवरावला? ज्याला लॅपटॉप बंद करायचा म्हणजे झाकण लावायचं एवढंच कळतं, त्याला? मी देव मानत नाही. तरी टेकडीच्या गणपतीला नारळ बोललो, की विश्वात कोणी नसू दे.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता मी त्याच्या गच्चीवर गेलो. देवरावनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. त्याच्या बायकोनं, कामिनीनं, पोहे केले होते. छत्री पूर्वेकडे, म्हणजे माझ्या घरावरून पलीकडे पाहत होती.

सहा बाराला रेघ आली. जाड, ठसठशीत. देवरावनं हात जोडले.

त्याच क्षणी खाली माझ्या अंगणात नळाचं पाणी ओढणारा आमचा जुना टिल्लू पंप गुरगुरला.

मी जिना उतरून अंगणात आलो. माझी बायको पार्वती नळापाशी पाण्याचा गुंड, म्हणजे पितळी कळशी, धरून उभी होती. पंपाचा ढिला प्लग चटचट ठिणग्या टाकत होता. मी प्लग काढला.

“भाऊ, गेली,” वरून देवराव.

लावला.

“आली, भाऊ.”

“काहून वं,” मी पार्वतीला विचारलं, “आज इतक्या लवकर?”

“आज नाही, रोज. ते कामिनी माह्या पंपाचा आवाज ऐकते अन् दुसऱ्या दिवशी बरोब्बर त्याच टायमाले तिचा लावते. नळाची लाइन एकच, पहिले लावंल त्याले पाणी. मंग मी चार मिनिटं आधी लावते.”

“चारच काहून?”

“चार मिनिटांत प्यायचे दोन गुंड भरतात.”

मला आनंद झाला. तो देवरावच्या जिन्यापर्यंत टिकला. तिसऱ्या पायरीवर लक्षात आलं की पंप माझा, प्लग माझा, बायको माझी. सिग्नल माझ्या घरून निघाला आणि मिळाला देवरावला. माझी छत्री अकरा वर्षं सरळ वर पाहत होती. तिला आपलं घर कधी दिसलंच नाही.

देवराव पेन उघडून सहीसाठी थांबला होता. मी सगळं सांगितलं. कागदावर सहीच्या जागी ‘आपलंच’ लिहिलं. अक्षर जरा जास्तच सुरेख आलं.

त्यानं कागदाची घडी केली. मग पेनाला टोपण लावलं.

“भाऊ, एक काम कराल?”

मंडळात कोणाला सांगू नका म्हणेल, असं मला वाटलं. मी मनातल्या मनात नकार तयार ठेवला.

“वहिनीले म्हणा, उद्या पंप जरा उशिरा लावा. दहा दिवस झाले, आमच्या टाकीत पाणी चढून नाही राहिलं. मले आंघोळ करायची आहे.”