चेटूकवायू आणि सायकलचा पंप

भवानी पेठेत बाटल्यांचा दुष्काळ पडला होता. औषधाच्या, शाईच्या, तेलाच्या, होत्या नव्हत्या त्या बाटल्यांत घरूनच फुंकर मारून, घट्ट बूच लावून लोक वायुनंद महाराजांच्या दारी रांग लावत. श्वासातला अदृश्य चेटूकवायू सापडला की महाराजांचं 'मायक्रोवेव्ह यंत्र' शिट्टी मारी आणि आमचे शहाणेसुरते लोक दंडवत घालत.

"शास्त्रज्ञ ज्या लहरींनी आकाशगंगेतले वायू हुडकतात, त्याच ह्या!" महाराज गरजत. "त्यांना पगार लागतो, आम्हाला फक्त भक्ती!"

मी हसण्यावारी नेलं असतं, पण शेजारच्या दानम्मानं क्षयाची इंजेक्शनं सोडली होती. "करणी हाय म्हन्ले महाराज. सुईनं करणी उतरती व्हय?" असं खोकत खोकत म्हणायची. मला राग यायचा आणि भीतीही वाटायची.

तिची लेक पद्मजा बंगळूरला याच मायक्रोवेव्ह लहरींवर संशोधन करायची. सुटीला आली, आईची दशा पाहून रडली आणि तिला घेऊन थेट रांगेत उभी राहिली. मीही गेलो. दारात शिष्य आपुलकीनं दुखणं विचारी आणि बाटलीला सूत बांधी. खोकल्याला लाल, पोटदुखीला पिवळं. मागावरचे ताणे रंगीत सुतानं ओळखणारे आम्ही विणकर, पण इथं आम्हाला तो प्रसाद वाटला!

पद्मजानं खोकून दाखवलं. तिच्या बाटलीला लाल सूत बांधलं गेलं. यंत्रानं शिट्टी मारली.

"छातीत चेटूकवायू! मेलेल्या सवतीचा!"

"महाराज, ह्यात सायकलच्या पंपाची हवा हाय. पंपाला सवत कुठली?" पद्मजानं विचारलं.

रांग खदखदून हसली. तिनं यंत्राचं खोकं फिरवलं. आत जुना रेडिओ होता. दोन स्टेशनांच्या मधे काटा नेला की तो शिट्टी मारी. महाराज शाप देत मागच्या दारानं पळाले.

"मग तुजं यंत्र तरी खरं कशावरनं?" दानम्मानं विचारलं.

"अव्वा, आमी नळीतली हवा उपसून थोडासा वायू सोडतो, लहरी पाठवतो. प्रत्येक रेणू त्याच्या ठरलेल्याच लहरी गिळतो, त्यावरनं ओळखायचा. काही रेणू क्षणभरबी टिकत न्हाईत. म्हणून खूण दिसली तरी आमी आधी आमच्यावरच संशय घेतो. नळी रिकामी करून परत बघतो. तरीबी खूण दिसली, तर चूक आमची."

लोकहो, चमत्काराला हात जोडण्याआधी एवढंच करा. त्याला एकदा रिकामी बाटली द्या.

दवाखान्याच्या वाटेवर दानम्मानं लेकीचा हात धरला. "मधीच सोडलं की गं मी. आता गुण येईल?"

पद्मजा खोटं बोलली नाही. "ठाऊक न्हाई, अव्वा. पण आजची सुई चुकवायची न्हाई."