पाळणाघरातले फोरमन

शर्टांच्या त्या कारखान्यातल्या पाळणाघरात एकेकाळी चाळीस पोरं असायची आणि असा गोंधळ, की शिलाई मशीनचा आवाज परवडला. आता पोरं तीन. कामावरच्या बायकांना एकेकच मूल, तेही शाळेत जाणारं. नव्या मुलींची तर लग्नंच लांबलेली. उरलेली एक आया रिकाम्या पाळण्यांवरची धूळ पुसून दिवस ढकलत होती.

अशा ठिकाणी फोरमन दाखल झाले. वय सत्त्याहत्तर. नोकरी सुटून वीस वर्षं झाली, पण रुबाब काही सुटला नव्हता. मुलगा परदेशात बांधकामावर, बायको केव्हाच गेलेली, घरात ते आणि याच कारखान्यात मशीनवर बसणारी सून. एकदा गॅस चालू ठेवून ते शेजारी गप्पा मारायला गेले. एकदा न्हाणीघरात पडले ते संध्याकाळपर्यंत तिथेच. सुनेनं चार दिवस रजा काढली. पाचव्या दिवशी सुपरवायझर म्हणाला, "सासरे सांभाळ, नाहीतर मशीन सांभाळ." तेव्हा आयानंच सुचवलं, "आण इकडे. जागा ओस पडलीय."

फोरमनना हे मुळीच रुचलं नाही. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून बसले. दुपारी आयानं सवयीनं "चला, झोपा सगळे" म्हणत त्यांच्याही अंगावर सशांचं पांघरूण टाकलं.

"मी दोनशे माणसांवर हुकूम चालवलाय!" ते कडाडले. एक पोर दचकून भोकाड पसरून बसलं. मग त्याला थोपटण्याचं काम फोरमनच्याच गळ्यात पडलं.

दहाव्या दिवशी कामगार अधिकारी बाई तपासणीला आल्या.

"हे कोण?"

"पाहुणे," आया गडबडून म्हणाली.

"पाहुण्यांना इथं ठेवता येत नाही. कामगारावर अवलंबून असलेलं माणूस असेल तरच. मग वय कितीही असो."

सुनेला मशीनवरून बोलावलं. ती धापा टाकत आली, पण सासऱ्यांना चारचौघांत कमीपणा कसा आणायचा? चाचरत म्हणाली, "मॅडम, घर यांचंच आहे. मीच यांच्याकडे राहते. फक्त दिवसभर..."

"मग नाही जमायचं. उद्यापासून आणू नका."

उद्यापासून म्हणजे सुनेची नोकरी गेली, हे फोरमनना कुणी सांगायला नको होतं. ते उठले. आयुष्यात त्यांनी कुणापुढे हात पसरला नव्हता, त्यामुळे शब्द बाहेर काढताना त्यांच्या अगदी जिवावर आलं.

"घर माझं, पण चूल हिच्या पगारावर पेटते. गोळ्या ही देते. आंघोळीला पाणी ही काढते. घरात एकटा राहिलो तर एक दिवस मरून पडेन. लिहा, सुनेवर अवलंबून."

"बाबा, असं काय बोलता..." सुनेचे डोळे भरून आले.

"तू गप्प बस. मशीन बंद ठेवून इथं काय करतेस? जा कामावर."

ती गेल्यावर त्यांनी सही कुठं करायची ते विचारलं. सही करताना मात्र त्यांना दोनदा थांबावं लागलं.