भाताच्या पातेल्याने ऐकलेला शब्द

माझ्या बुडाला तीन पोचे आहेत आणि माझे झाकण दुसऱ्याच पातेल्याचे आहे. मित्रांनो, मी भाताचे जुने पातेले आहे, आणि मी रागावलेले आहे.

मोडक्या पंख्यांची पाती आणि फुटक्या कढया वितळवून एका ओताऱ्याने मला वाळूच्या साच्यात ओतले. लागुनाच्या सरोवराकाठी नेनिंगच्या घरी मी आले, त्याला आता एकवीस वर्षे झाली. सहा वाट्या तांदूळ, त्यावर बोटाचे पहिले पेर बुडेल इतके पाणी, खाली लाकडाची आच. माझा भात कधी कच्चा राहिला नाही. शेजारणी मागून नेत आणि घासून लख्ख करून परत देत. त्या दिवसांबद्दल माझी तक्रार नाही.

माझा राग एका शब्दावर आहे. माताकाव. अती खाणाऱ्याला इथे असे म्हणतात, तुमच्याकडे खादाड किंवा अधाशी म्हणतात तसे. या शब्दाचा अर्थ मला एकवीस वर्षांत कळला नाही, कारण तो खाण्याच्या मापावर चालतच नाही. नेनिंगचा नवरा रुबेन सरोवरातल्या मत्स्यशेतीवर काम करतो. तो तीन ताटे भात खातो. त्याच्या पाठीवर थाप मारून लोक म्हणतात, गडी जोमाने जेवतो. नेनिंगची भाची रोवेना दुसऱ्यांदा भात मागते, तेव्हा भात तोच, डावही तोच, पण शब्द बदलतो.

रोवेना अकरा वर्षांची. तिची आई हाँगकाँगला दुसऱ्यांची मुले सांभाळते, म्हणून ती मावशीकडे, तिच्या 'तिया'कडे, राहते. या मार्चपासून तिची भूक वाढली. दुसरे ताट, मग तिसरे. दुपारी घरात कोणी नसले की ती माझ्या बुडाची खरपुडी नखाने खरवडून खाई. पाण्याचा तांब्या तिच्या उशाशी असे. मोरीत ती लघवीला बसून गेली की मागे मुंग्यांची रांग लागे. आणि मित्रांनो, ती वाळत होती. गणवेशाचा पट्टा तिने दोनदा आत घेतला. मी हे सगळे पाहत होते. मला तोंड आहे, पण ते फक्त वाफ सोडायला.

नेनिंग दुष्ट नव्हती. ती हसत म्हणे, "डुक्कर पाळायची हौस होती माझी, देवाने भाची पाठवली." रुबेनही हसे. मग शेजारची मुले रोवेनाला शाळेच्या वाटेवर 'माताकाव' म्हणून हाक मारू लागली. एप्रिलमध्ये नेनिंगने नियम केला: एक डाव भात, पुन्हा मागायचा नाही. रोवेनाने मागणे सोडले. तिची भूक मात्र कमी झाली नव्हती.

मुलांची वजने घेणारी आलिंग चोलेंग मे महिन्यात वस्तीत आली. तिने रोवेनाला काट्यावर उभे केले, वहीतला जुना आकडा पाहिला आणि पुन्हा उभे केले. पाच किलो कमी. ही खाते किती, असे तिने विचारले.

"विचारू नका. माताकाव आहे एक नंबरची," नेनिंग म्हणाली.

"माताकाव असती तर काटा वर गेला असता, बाई. खाली कसा आला?"

त्याच दिवशी रोवेनाला दवाखान्यात नेले. मधुमेह निघाला. खाल्लेले अन्न तिच्या अंगी लागतच नव्हते. ती आमच्या डोळ्यांसमोर उपाशी होती, आणि घर तिला खादाड म्हणत होते. डॉक्टरांनी बजावले: आता रोज सुई, आणि सुई घेतल्यावर वेळेवर जेवण. सुई घेऊन जेवण चुकले, तर रक्तातली साखर एकदम उतरून जीव जाऊ शकतो.

घरातून तो शब्द गेला. नेनिंग स्वतः रोवेनाला आग्रह करून वाढू लागली. मला वाटले, संपले.

जूनमध्ये गावच्या संताचा सण आला. त्या दिवशी दारे उघडी असतात, येईल तो पाहुणा. पाहुण्यांचे होईपर्यंत घरच्यांनी हात आखडता घ्यायचा, कितीही आग्रह झाला तरी 'पोट भरलंय' म्हणायचे, ही इथली रीत. नेनिंगने रोवेनाला सुई दिली आणि म्हणाली, बस, आधी तू जेव. तेवढ्यात दारात माणसे आली आणि ती चुलीकडे धावली. मी पंगतीत फिरत रोवेनासमोर आले. समोर तीच शेजारची मुले बसली होती. एक जण दुसऱ्याला कोपराने ढोसून म्हणाला, "पातेलं लपवा रे."

रोवेनाने मला पुढे सरकवले. "माझं पोट भरलंय," ती म्हणाली.

थोड्याच वेळात तिच्या कपाळावर घाम आला. हात इतके थरथरले की पेला सांडला. मग ती बाकावरून घसरली. नेनिंग धावत आली, तिने तिला मांडीवर घेतले आणि साखरेचे पाणी तिच्या ओठांना लावले. तू जेवलीस का, असे ती पुन्हा पुन्हा विचारत होती.

रोवेना अर्धवट शुद्धीत पुटपुटली, "लोक बघताहेत, तिया."

नेनिंगने मान वर केली. एवढ्या पाहुण्यांत ती मोठ्याने बोलली, "हे मी शिकवलंय तिला. ही मुलं उगाच नाही चिडवत. माझ्याच तोंडून शिकलीत."

घोट घोट करून रोवेना पाणी प्यायली. बऱ्याच वेळाने ती उठून बसली. नेनिंगने पाहुण्यांना थांबवले, मला ओढून जवळ घेतले आणि रोवेनाला वाढले. सगळ्यांच्या देखत रोवेना जेवली, पण मान खाली घालून, प्रत्येक घासाआधी इकडेतिकडे बघत.

ती आता बरी आहे. तिची सुई चुकत नाही, वजनही वाढले आहे. पण दुसरा डाव घेताना तिचा हात अजून क्षणभर अडतो. त्या क्षणाचा मला राग आहे. सुईने आजार आवरला. हे कशाने आवरायचे, ते डॉक्टरांनी सांगितलेले नाही.

मित्रांनो, तुमच्याही पंगतीत असा शब्द असेल. फार खाणारे मूल दिसले, तर आधी त्याची तब्येत बघा, दवाखान्यात न्या. काहीच निघाले नाही, तर भूक आहे असे समजा आणि वाढा. भात कमी पडला तर पुन्हा शिजवता येतो.