सव्वाचारला येणारा

मी एक जुना प्रोग्राम आहे. जुना म्हणजे पाच वर्षांचा. आमच्यात एवढ्या वयाला म्हातारा म्हणतात. डोळ्यांच्या एका रुग्णालयाचे संकेतस्थळ आहे, त्याच्या प्रत्येक पानाच्या शेवटी मला चिकटवले आहे. म्हणून ऑफिसात सगळे मला ‘शेपूट’ म्हणतात. हसू नका, मित्रांनो. पानावर कोणी आले की मी त्याच्या मागे लागतो आणि तो जाईपर्यंत मागेच राहतो. पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत माझा उल्लेख आहे, पण तो आजवर कोणी वाचल्याचे मला आठवत नाही.

रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर एक अरुंद खोली आहे. तिथे संकेतस्थळ सांभाळणाऱ्या ताई बसतात आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर प्रोग्राम लिहिणारा एक चष्मेवाला. त्यानेच मला एका दुपारी लिहिले. पानावर आलेल्या माणसाचा कर्सर कुठे फिरला, कुठे थांबला, त्याने पान किती मोठे करून पाहिले, काय दाबले, कुठून परत गेला, हे सगळे टिपायचे काम माझे. लोक काय लिहितात ते मात्र मला दिसू द्यायचे नाही, असे ताईंनी पहिल्याच दिवशी बजावले. त्यामुळे कोणी नाव लिहिले की मला अक्षरांच्या जागी नुसत्या चांदण्या दिसतात.

मी टिपलेली भेट ताई नंतर पडद्यावर चालवून बघतात. माणूस केव्हाच उठून गेलेला असतो. त्याच्या हाताची हालचाल तेवढी मागे राहते. रिकाम्या पानावर कर्सर आपला आपण सरकतो, एखाद्या शब्दापाशी घुटमळतो, मागे वळतो. पहिल्यांदा ते पाहताना ताईंनी खुर्ची थोडी मागे घेतली होती.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. पहिल्या पानावर एका डोळ्याचे मोठे चित्र होते. ते नुसते चित्र होते, पण लोकांना ते बटण वाटायचे. एकदा दाबून काही झाले नाही की ते सात-सात, आठ-आठ वेळा दाबत आणि वैतागून निघून जात. जिथे जास्त दाबले गेले तिथे मी लाल रंग भरून दाखवतो. ताईंनी तो नकाशा छापून भिंतीवर लावला, तर डोळा लालभडक झालेला. दोन दिवस त्या भिंतीकडे पाठ करून बसल्या, मग त्यांनी चित्राचे खरेच बटण करून टाकले. त्या आठवड्यात तपासणीच्या नोंदी दुपटीने वाढल्या. मोठे साहेब वर आले आणि म्हणाले, “शेपूट कामाचं आहे हो.” मी तेव्हा चांगलाच फुगलो. पुढची चूक त्या फुगण्यातूनच झाली, असे मला वाटते.

तिसऱ्या वर्षी पानावर यंत्रे येऊ लागली. माणसांसारखी पाने उघडायची, भराभरा काहीबाही भरायची आणि गायब व्हायची. माझे आकडे बिघडले. चष्मेवाल्याने वैतागून मला एक नियम शिकवला. ज्याचा कर्सर अजिबात हलत नाही, जो ठरल्या वेळी येतो आणि अर्ज न पाठवता जातो, तो माणूस नाही. त्याला वेगळ्या यादीत टाक आणि कोणाला दाखवू नकोस. मी तो नियम डोळे झाकून पाळला.

त्याआधी काही महिने एक जण पानावर येऊ लागला होता. रोज दुपारी सव्वाचारला, एखादे मिनिट इकडेतिकडे. चेहरा मला कोणाचाच दिसत नाही, मी प्रत्येकाला एक आकडा देतो. याला मात्र मी मनातल्या मनात ‘सव्वाचार’ म्हणायचो. त्याला मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख हवी होती. फोन करावा, तर ‘कृपया संकेतस्थळावर नोंद करा’ एवढेच ऐकू येते. म्हणून तो अर्ज उघडायचा. नाव भरायचा, वय भरायचा, पत्ता भरायचा आणि सातव्या रकान्यापाशी थांबायचा.

तो रकाना होता, ‘सोबत येणाऱ्या नातेवाइकाचे नाव’. रिकामा ठेवला की खाली लाल ओळ यायची, ‘ही माहिती भरणे आवश्यक आहे’. सव्वाचारचा कर्सर त्या रकान्याभोवती गोल गोल फिरायचा. मग आत दोन-तीन चांदण्या उमटायच्या. थोड्या वेळाने एकेक करून पुसल्या जायच्या. मग पान बंद.

मित्रांनो, मी हे रोज पाहत होतो आणि आणखी एक गोष्ट पाहत होतो. सुरुवातीला तो पान दीडपट मोठे करायचा. महिन्याभराने दुप्पट. मग तिप्पट, चौपट. पडद्यावर एका वेळी एकच शब्द मावू लागला. कर्सर बटणाच्या शेजारून जाई, मागे येई, पुन्हा शेजारून जाई. आणि एके दिवशी कर्सर हललाच नाही. तो पानाच्या कोपऱ्यात पडून राहिला आणि रकाने आपोआप भरू लागले. एक, दोन, तीन, सहा. सातव्यापाशी थांबले. सव्वाचारने माऊस सोडून दिला होता, कारण कर्सर त्याला आता सापडत नव्हता. तो फक्त की-बोर्डवर चाचपडत होता.

कर्सर हलत नाही. ठरल्या वेळी येतो. अर्ज पाठवत नाही. नियम नुकताच आला होता. मी त्याला यंत्रांच्या यादीत टाकले.

एका यंत्राने एका माणसाला यंत्र म्हटले आणि अडीच महिने कोणाला पत्ता लागला नाही. सव्वाचार येत राहिला. मी टिपत राहिलो आणि लपवत राहिलो. मला ती दुपारची वेळ नकोशी व्हायची.

मग एकदा जुन्या याद्या पुसायचे काम निघाले. नव्वद दिवस झाले की भेटी कायमच्या पुसतात. पुसण्याआधी ताईंनी सहज म्हणून यंत्रांची यादी उघडली आणि त्यातली एक भेट चालवली. नेमकी सव्वाचारची. पडद्यावर कोणी नसताना चांदण्या उमटत होत्या. पत्त्याच्या रकान्यात एक चांदणी पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी आली.

“अरे, इकडे ये जरा,” ताई चष्मेवाल्याला म्हणाल्या. “याने खोडलं.”

“रोबो आहे तो, ताई. कर्सर बघा, ढिम्म हलत नाही.”

“रोबो कशाला खोडेल? हा चुकतोय. चुकून परत नीट करतोय.”

चष्मेवाल्याने त्याच आकड्याच्या शिल्लक होत्या तेवढ्या सगळ्या भेटी एकामागून एक चालवल्या, शेवटच्यापासून पहिलीपर्यंत. जुनी पाने उघडत गेली तसा कर्सर जिवंत होत गेला.

“हा माणूस आपल्या डोळ्यांदेखत आंधळा झालाय,” चष्मेवाला म्हणाला. त्याने चष्मा काढून हातात धरला होता.

त्याला फोन करावा, तर फोन नंबर म्हणजे दहा चांदण्या. अर्ज कधी पोचलाच नव्हता, त्यामुळे नाव-गाव कुठेच नव्हते. त्याला गाठायची एकच जागा होती, ते पान. आणि तो उद्या येईलच याची खात्री कोणी द्यावी?

ताई जिना उतरून नोंदणीच्या खिडकीवरच्या मावशींकडे गेल्या. सोबत माणूस हवा हा नियम कोणाचा, असे विचारले.

“नियम बरोबरच आहे गं,” मावशी म्हणाल्या. “डोळ्याला पट्टी बांधलेल्या माणसाला एकट्याला रस्त्यावर सोडू का मी?”

“आणि ज्याला कोणीच नाही त्याने काय करायचं?”

मावशींनी हातातले पेन खाली ठेवले. “मग तसं लिहा ना. आम्ही माणूस देऊ म्हणावं. कोणी नसेल तर मी जाईन घरापर्यंत.”

साहेबांनी त्याच दिवशी सही केली. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला सातव्या रकान्याखाली नवी चौकट आली. ‘सोबत कोणी नाही. रुग्णालयाने माणूस द्यावा.’ मोठ्या अक्षरांत, की-बोर्डवरून सहज पोचता येईल अशी. मग दोघे पडद्यासमोर बसून राहिले. सव्वाचार वाजून गेले. कोणी आले नाही.

त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी ताईंनी डबा उघडलाच नाही. मी रिकाम्या पानावर टपून होतो. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाची तरी वाट बघावीशी वाटली.

पाचव्या दिवशी चार वाजून सोळा मिनिटांनी पान उघडले. कर्सर कोपऱ्यात पडलेला. रकाने भरू लागले. सातव्यापाशी सगळे थांबले. एक मिनिट. चार मिनिटे. मग चौकटीत बरोबरची खूण उमटली, पुसली गेली, पुन्हा उमटली. आणि अर्ज गेला. त्यानंतर ‘तुमची नोंद झाली आहे’ हे पान चाळीस मिनिटे तसेच उघडे राहिले. त्यावर काहीच हलले नाही.

ती एक बाई निघाली. एकटी राहणारी, पुस्तकांना बाइंडिंग करणारी. मावशींनी तिला घरी सोडले आणि येऊन ताईंना सांगितले, “टेबल खिडकीला लावलंय तिचं. सव्वाचारला ऊन थेट की-बोर्डवर पडतं. तेवढ्यापुरती अक्षरं दिसायची म्हणे. मधे चार दिवस आभाळ होतं.” आता तिला एका डोळ्याने नीट दिसते.

गोष्ट इथे संपली असती तर मी सुखाने निवृत्त झालो असतो. पण त्या यादीत मी टाकलेले आणखी तीनशे बारा जण होते. ताईंनी सगळ्यांच्या भेटी बघितल्या. बहुतेक खरेच यंत्रे होती. एक मात्र सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी यायचा. अकरा वेळा आला. कर्सर हलला नाही, काही खोडले नाही, प्रत्येक वेळी सातव्या रकान्यापाशी थांबला. नवी चौकट आली त्याच्या तीन आठवडे आधीपासून त्याचे येणे बंद आहे. तो यंत्र होता, असे मी स्वतःला समजावतो. ताईंनी त्याच्या भेटी पुसू दिलेल्या नाहीत.

मित्रांनो, तुमच्या दारी कोणी येऊन काही न बोलता परत गेले, तर ते कुठे अडले ते एकदा बघा. हिशोबात बसत नाही म्हणून त्याला यादीतून काढू नका. मी पाच वर्षे सगळ्यांकडे बघत होतो, तरी एवढे मला कळले नाही.

उद्या दुपारी चारला मला काढून नवा प्रोग्राम बसवणार आहेत. सव्वाचारला त्या पानावर कोणी आले, तर ते मला कळणार नाही.