छतावरच्या माणसाचं अर्धं चित्र

मित्रांनो, मी टीव्हीचा एक म्हातारा अँटेना आहे. माझा एक पंख वाकलेला आहे आणि मला आता कामावरून काढलं आहे. माझं सगळं आयुष्य एका मोटरहोमच्या छतावर गेलं. मोटरहोम म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, शेगडी, नळ आणि वर मी. आतून हँडल फिरवलं की मी उभा राहायचो, पंख पसरायचो आणि हवेतली चित्रं पकडून खाली टीव्हीला द्यायचो. गाडी निघायच्या आधी मला पुन्हा आडवं करायचे.

माझे पहिले मालक म्हणजे एक वयस्कर जोडपं होतं. कुठल्याही रानात गाडी थांबली की बाई म्हणायच्या, "आधी त्याला उठवा, मग चहा." ते कौतुक अजून आठवतं. पुढे ते थकले आणि गाडी एका आवारात पडून राहिली. माझ्या पंखांवर शेवाळ धरलं, सांध्यात गंज चढला. कितीतरी उन्हाळे माझ्याकडे कुणी मान वर करून पाहिलं नाही.

मग अमेरिकेतल्या शुगर लँड शहरात राहणाऱ्या बुद्धभूषणने ती गाडी घेतली. तो, त्याची बायको जागृती, लेक पायल आणि नागपूरहून आलेले त्याचे वडील राजारामबाबा अशी ही चार माणसं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाले होते. बोलणं मध्येच तुटलं की त्यांना अजूनही चैन पडत नसे.

त्या वर्षी मोठं वादळ आलं. शहर सोडा, असा आदेश निघाला आणि ही मंडळी आम्हाला घेऊन उत्तरेला एका कॅम्पग्राउंडवर आली. संध्याकाळपर्यंत फोनचं नेटवर्क गेलं. बाबांनी हँडल फिरवलं आणि मी वाऱ्यात उभा राहिलो. बातम्यांच्या हेलिकॉप्टरमधून चित्र येत होतं. सगळीकडे तपकिरी पाणी, मागे पाण्याची निळी टाकी, आणि एका घराच्या छतावर पिवळ्या शर्टातला एक म्हातारा. तो हात हलवत होता.

त्याच क्षणी ओकची एक फांदी माझ्यावर आदळली. पंख वाकला. चित्राचे चौकोनी तुकडे झाले, हलवलेला हात हवेतच गोठला आणि पडदा काळा झाला.

"आजोबा, ही विल बी फाइन," पायल म्हणाली. "त्यांच्याकडे बोटी असतात."

बाबांनी चॅनेल बदलून पाहिलं. काळ्या पडद्यासमोर ते तसेच बसून राहिले.

परतल्यावर पाहिलं तर घरात गुडघाभर पाणी शिरून गेलेलं. दुरुस्ती होईपर्यंत सगळे गाडीतच राहू लागले. आणि बाबा रोज संध्याकाळी हँडल फिरवू लागले. मी कण्हत वर जायचो, ते चॅनेल बदलत राहायचे. कधी क्रिकेट लागायचं, कधी जाहिराती. छतावरचा तो माणूस पुन्हा आला नाही. खरं सांगतो, मलाही तो सोडत नव्हता. वारा पडला की माझ्या वाकलेल्या पंखात काहीतरी थरथरायचं. मला वाटायचं, तो हात अजून हलतो आहे.

इतक्या फिरवाफिरवीत माझ्या बुडाचं सील फाटलं. पावसाचं पाणी थेट पायलच्या उशीवर टपकू लागलं.

"बाबा, हा आता गेला," बुद्धभूषण म्हणाला. "मी नवीन ऑर्डर केलाय. शनिवारी बसवतो."

"बसव. पण त्याआधी मला तो माणूस पाहायचाय."

"अहो, शहर केवढं मोठं आहे! कुठे शोधणार?"

जागृती भांडी पुसत होती. ती म्हणाली, "ती निळी टाकी माझ्या ऑफिसच्या वाटेवर आहे, बाबा. गाडी मी चालवते."

शनिवारी सकाळी आम्ही निळ्या टाकीजवळच्या वस्तीत शिरलो. अंगणाअंगणात भिजलेल्या गाद्यांचे ढीग होते. तीन गल्ल्या धुंडाळल्यावर बाबांनी हात वर केला. ते छत माझ्या बरोबर समोर आलं. पिवळा शर्ट आत कुठेतरी असेल की नसेल, मला पाहवेना.

दार उघडलं. तोच माणूस होता. अर्ल त्याचं नाव.

बाबांनी गाडीत घोकलेलं इंग्रजी एका दमात म्हटलं, "आय सॉ यू. टीव्हीवर. यू, ऑन द रूफ."

अर्लने दार पूर्ण उघडलं. मग तो हळू आवाजात बोलला आणि जागृतीने ते बाबांना मराठीत सांगितलं.

"ते विचारताहेत, मी कुठे बोट दाखवत होतो, ते पाहिलंत का?"

बाबा गोंधळले. "बोट? हे तर हात हलवत होते."

"नाही, बाबा. त्यांना न्यायला बचावाची बोट येणारच होती. ते शेजारच्या खिडकीकडे दाखवत होते. तिथे मिस रूथ म्हणून एकट्या बाई राहायच्या. अर्लच्या हाकांना त्यांचं ओ देणं थांबलं होतं." जागृतीने मान तिकडे वळवली. "हेलिकॉप्टर वळून गेलं. बोट आली तेव्हा उशीर झाला होता."

मी शेजारच्या घराकडे पाहिलं. खिडकीवर फळी ठोकलेली होती.

"सगळे म्हणतात, नशीबवान आहेस, वाचलास," अर्ल म्हणाला. "कुणाला बोलावत होतास, हे कुणीच विचारलं नाही."

बाबा त्याच्या पायरीवर बसले. "बेटा," ते जागृतीला म्हणाले, "त्यांना सांग, मला मिस रूथबद्दल ऐकायचंय. सगळं. मध्येच उठणार नाही मी."

दुपार कलेपर्यंत अर्ल बोलत होता आणि जागृती सांगत होती. मिस रूथ पीचचा मुरंबा करायच्या, पत्त्यांत लबाडी करायच्या, शिट्टी वाजवून मांजरांना बोलवायच्या. ऐकता ऐकता बाबा एकदा हसलेसुद्धा.

परतल्यावर मला उतरवलं. आता गाडीवर एक चपटा, गोल, नवा अँटेना आहे. तो मान वर करत नाही आणि चित्र लख्ख देतो. बाबा संध्याकाळी टीव्ही लावत नाहीत. जागृती त्यांना अर्लकडे सोडून येते.

मी गॅरेजच्या भिंतीला टेकून आहे. सोमवारी भंगारची गाडी येईल. माझं काही म्हणणं नाही. पण मित्रांनो, एवढं माझ्यासाठी करा. तुमच्या लख्ख पडद्यावर कधी कुणाचा हात हवेत दिसला, तर नुसतं त्या माणसाकडे पाहू नका. त्याचं बोट कुठल्या खिडकीकडे आहे, तेही पाहा.