पुरे म्हणायला मला कुणी लावलं?

मी एक बीटा पेशी बोलतेय. स्वादुपिंडातली. गोड बोलण्याची अपेक्षा असेल तर आधीच सांगते, आज ते जमणार नाही.

दूर उत्तरेच्या थंड मुलखातल्या लुंद गावच्या सोल्वेगच्या पोटात माझं आयुष्य गेलं. बाई शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती आणि दालचिनीचा पाव दिसला की तिचा ताबा सुटायचा. रक्तात साखर चढली की मी इन्सुलिन सोडायचे. कधी कुरकुर केली नाही.

इन्सुलिनबरोबर माझ्यातून एटीपी नावाचा रेणूही बाहेर पडतो. पेशीच्या आत तो इंधन, बाहेर पडला की निरोप्या. शेजारणींची दारं ठोठावतो, 'उठा गं, साखर आलीय, हात चालवा.' त्याच्या शेपटीला तीन फॉस्फेट असतात. एक गळला की त्याचा एडीपी होतो, आणि तो आमच्या दुसऱ्याच एका दारावर जाऊन सांगतो, 'पुरे आता.' मग आम्ही हात आखडता घेतो.

सोल्वेग मेंदूतल्या रक्तस्रावाने गेली. तिची मुलगी मालिन इस्पितळात म्हणाली, "आईचं जे उपयोगी पडेल ते घ्या. उपयोग झाला का, तेवढं फक्त मला कळवा." दुसऱ्या रुग्णाला लावायला आम्ही संख्येने कमी पडलो, म्हणून प्रयोगशाळेत आलो. तिथे पीएचडी करणारी इल्वा आणि तिचा प्रमुख होकान.

बाहेरून एटीपी दिला तर माणसाच्या पेशी किती इन्सुलिन सोडतात, ते त्यांना मोजायचं होतं. इल्वाने रक्तद्रव घातलेल्या पाण्यात एटीपी मिसळला आणि बाटली कोमट पाण्यात ठेवली. तेवढ्यात होकान दारात.

"चल, केक कापायचाय."

"हे घालते आणि आलेच."

"अगं, माझा पन्नासावा वाढदिवस आहे. सगळे कॉफीला बसलेत आणि तू एकटी इथे? दोन मिनिटांनी काय बिघडतं?"

या मुलखात एक वेळ काम चुकलेलं चालतं, कॉफी चुकलेली चालत नाही. गेली ती. दोन मिनिटांचा तास झाला. मधुमेहावर उपाय शोधणारी ही मंडळी तिकडे हिरव्या, गोडमिट्ट केकवर ताव मारत बसली, आणि इकडे त्या बाटलीत रक्तद्रवाने एटीपीचा एकेक फॉस्फेट तोडून त्याचा एडीपी केला. परत येऊन इल्वाने तेच पाणी आमच्यावर ओतलं. आम्हाला निरोप मिळाला, 'पुरे.' आम्ही थांबलो. सांगितलेलं ऐकलं, हा आमचा गुन्हा.

आकडा खाली आलेला पाहून होकान म्हणाला, "पेशीच भिकार आहेत. देणारी बाई म्हातारी होती ना? इस्पितळाला कळव, निरुपयोगी निघाल्या म्हणून."

"होकान, बाटली तासभर गरम पाण्यात होती."

होकानने आकड्यांचा कागद दुमडला. मग म्हणाला, "परिषद तोंडावर आलीय. आता ते उकरून काढू नकोस."

चोर सोडून संन्याशाला फाशी! निरुपयोगी? जन्मभर त्या बाईची साखर सांभाळली आम्ही. आणि आता तिच्या लेकीला सांगणार, तुझ्या आईचं काही कामाचं नव्हतं? मला तोंड असतं तर त्या होकानला चावले असते.

शेवटची एक बशी टाकायची उरली होती, त्यात मी होते. इल्वाने तिच्यातलं जुनं पाणी काढलं, बर्फावर ताजा एटीपी केला, रक्तद्रव न घालता, आणि लगेच आमच्यावर सोडला.

"कुणाला विचारून?" होकान मागून म्हणाला.

"त्या बाईच्या मुलीला काय सांगायचं, ते मला कळायला हवं."

दार ठोठावलं गेलं आणि माझ्याजवळ होतं नव्हतं ते सगळं मी सोडलं. शेजारणींनीही सोडलं. संध्याकाळी आकडा आला तो नेहमीच्या तिप्पट. होकानने तो पाहिला, "हं," म्हणाला आणि चष्मा पुसत उभा राहिला. माफीचा शब्द नाही. पेशीची माफी कोण मागतो?

आता आम्ही कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात आहोत, थोड्या वेळाने भट्टीत जाऊ. त्याचं दुःख नाही. पण प्रयोग करणाऱ्यांनो, मेलेल्या माणसाने दिलेलं हातात घेतलंत, तर आधी ते नीट पार पाडा, मग खुशाल खा-प्या. आणि इल्वा, उद्यावर ढकलू नकोस. मालिन वाट बघतेय. तिला सांग, तुझी आई उपयोगी पडली.