पोत्याखालचं पाणी

त्या काचेच्या पेटीत पौर्णिमाचं बरंच काही गुंतलं होतं. पेटी गावात उन्हाळाभर नीट चालली, की पीएच.डी. होऊन नावाआधी ‘डॉक्टर’ लागणार. ते लागलं, की वर्ध्याच्या कॉलेजात गाइड सर शब्द टाकणार. तिची आई मीराबाई हिचा हिशेब त्याहून साधा. विहारात बायका तिला सतरंजीच्या कडेला बसवत; पोरीच्या पाण्यावर ती मधोमध सरकणार होती.

सेलूजवळच्या तिच्याच गावात विहाराच्या अंगणात पेटी बसली. वर काच, तळाला पिवळ्या भुकटीचा पक्का लेप. विहिरीचं पाणी भरायचं आणि दिवसभर उजेडात ठेवायचं. उजेड पडला की लेप जागा होतो, पाण्यातले जंतू मारतो. उजेड नाही तर तो नुसता रंग. ढगाळ दिवसाचा उजेडही त्याला पुरतो, हीच पौर्णिमाच्या कामाची मिजास होती. पण हे सगळं बायकांना समजावत बसायचं तर दुपार गेली असती आणि परतीची एसटीही.

“औषध हाय म्हना त्यात,” ती म्हणाली. “फक्त झाकू नका.”

दुपार वाचली. सौदा स्वस्तात पटल्यासारखा वाटला.

चैत्रातच ऊन तापलं. शेजारच्या लीलाबाईनं पेटीचा पहिला पेला तोंडाला लावला आणि चूळ टाकून दिली.

“मीरे, पोरीनं पानी साफ केलं का शिजवलं वं? साखर-पत्ती टाक, चाय होते!”

अंगण हसलं. मीराबाईही हसली, पण घरी जाऊन तिनं गोणपाट शोधलं. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्यावर ओलं पोतं टाकायचं, हे तिच्या आईनंही केलं होतं आणि आईच्या आईनंही. आणि औषध आत आहेच की; ते काय पोत्याला भिऊन पळणार? दुसऱ्या दिवशी पाणी गार. लीलाबाई घटाघटा प्यायली आणि सतरंजीवर सरकून तिनं मीराबाईला जागा केली. कुणाचं पोट बिघडलं तर उन्हाच्या नावावर खपून जाई.

पौर्णिमा रविवारी यायची. त्या दिवशी मीराबाई सकाळीच पोतं काढून ठेवी. शिकलेल्या पोरीशी हुज्जत कोण घालणार? संध्याकाळी पौर्णिमा पाण्याचे नमुने नेई. नमुने बिचारे रविवारचे. निर्मळ निघत.

बुद्धपौर्णिमेपर्यंत विहीर तळाला गेली आणि पाणी गढूळ झालं. खिरीला आसपासच्या गावांचीही माणसं आली. पेटी रिकामी होत होती, पुन्हा भरली जात होती. फोटो काढायला गाइड सर गाडी घेऊन आले, सोबत पौर्णिमा. अंगणात पाय टाकताच तिला पोतं दिसलं. ओलंचिंब.

तिनं आईला बाजूला ओढलं. “कधीपासून झाकून राह्यली हे?”

“रोजच. काऊन? औषध त हाय ना त्यात?”

सर कॅमेऱ्याची काच पुसत होते. लीलाबाई भरला पेला घेऊन जवळच उभी होती. “सांग ना वं पोरी, औषध हाय का नाई? का नुसतीच आमची गंमत केली?”

नाही म्हणायचं, तर पेटी सरांसमोर उपडी करायची. उन्हाळाभराचे नमुने उपडे, कॉलेजातली जागा उपडी, आणि सतरंजीच्या मधोमध बसलेली आईसुद्धा. पौर्णिमानं हा हिशेब लीलाबाईच्या हातातल्या पेल्याकडे बघत केला.

“हाय,” ती म्हणाली आणि पोतं ओढून काढलं.

लीलाबाई प्यायली. सरांनी तोच फोटो घेतला. स्वतः ते गाडीतल्या बाटलीचं पाणी प्यायले.

अर्ध्या वस्तीला हगवण लागली. बाकीचे सलाइनवर सावरले. लीलाबाईला वर्ध्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत तिच्या अंगात पाणीच उरलं नव्हतं.

चौकशीला माणसं आली तेव्हा मीराबाई पुढे झाली. “पोतं म्या टाकलं. पोरीनं झाकू नका म्हून सांगतलं होतं.” यात खोटं काहीच नव्हतं. पौर्णिमा शेजारीच उभी होती. तिचं ते ‘हाय’ दोघींनी ऐकलं होतं. एक गेली, दुसरी आई होती.

सरांनी प्रबंधातून गाव वगळलं. प्रयोगशाळेतले आकडे पुरेसे ठरले. पौर्णिमा डॉक्टर झाली. जागाही मिळाली.

पेटी आता मीराबाईच्या अंगणात आहे, भर उन्हात, उघडी. तिच्या हातचं पाणी वस्तीत कुणी घेत नाही. ते कढत पाणी ती एकटीच पिते. पौर्णिमा सुटीत येते तेव्हा पिशवीत बाटली असते. मीराबाई ती पाहते आणि आपला पेला पेटीतून भरून घेते.

लीलाबाईनं किंमत एकदाच चुकती केली. मीराबाईची अजून चालू आहे. पौर्णिमाकडे कुणी मागितलीच नाही.